व्हिला सजवताना एवढं तरी कराच

अलिबागेत जागा घेतलीत? अभिनंदन. जांभ्याचं जुनं घर पाडलंत, त्या जागी चार बेडरूम आणि एक स्विमिंग पूल उभा केलात, आणि आता आत काय काय लावायचं या विवंचनेत आहात. मी फुकट सल्ला देते. माझा अधिकार विचाराल तर परवाच, ऐन श्रावणात, सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी आम्ही 9 माणसं भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो आणि अशाच एका व्हिलात दोन रात्री काढून आलो. रात्रीचे 28,000 रुपये, जीएसटी वेगळा.

पहिली गोष्ट, आपण कोकणात आलोय हे पाहुण्याला कळता कामा नये. दारात बुद्धाचं नुसतं डोकं, कोपऱ्यात वाळक्या पम्पास गवताचा झुबका, भिंतीवर वेताची सुपं. सुपं बालीहून मागवलेली असावीत, पेणच्या बाजारातली चालायची नाहीत.

भिंतींना वॉलपेपर लावा. इथे वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे जुलैत त्यावर बुरशीची जी वेलबुट्टी उठते ती कुठल्या डिझायनरच्या बापाला जमायची नाही.

कपाटं एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची करा. फुगली की भरीव दिसतात.

दिवे अंधूक ठेवा. सासूबाईंना बीपीची गोळी कुठली आणि थायरॉइडची कुठली हे वाचता आलं नाही, पण फोटोत उजेड काय सुंदर आला होता! बटणं टचची. आठ बटणं एका ओळीत, आणि एकावरही काही लिहिलेलं नको. रात्री दोनला पाणी प्यायला उठलेल्या माणसाने आधी पडदे उघडावेत, मग पूलमधले निळे दिवे लावावेत, मग पंखा बंद करावा, आणि शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून पाणी प्यावं.

आता बाथरूम. इथे अजिबात हात आखडता घेऊ नका.

झोपायची खोली आणि बाथरूम यांच्यामध्ये काचेची भिंत हवीच. आरपार दिसणारी. का, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. नवीन लग्न झालेल्यांचं एक वेळ समजू, खरं तर तेही नीटसं समजत नाही. पण चार बेडरूमचा व्हिला घेतं कोण हो? आजी, नणंद, भावोजी, त्यांची कॉलेजातली मुलगी. सासूबाईंनी संध्याकाळी ती काच पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. बॅगेतून सुती साडी काढली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, खिळा बघ रे कुठे." खिळा नव्हता. एवढ्या घरात एक खिळा नाही, हूक नाही, दांडी नाही. शेवटी साडीचं एक टोक पडद्याच्या रॉडला आणि दुसरं त्या शोभेच्या बांबूच्या शिडीला बांधलं. दोन दिवस आम्ही त्या झोळीआड आंघोळी केल्या.

बेसिन म्हणजे टेबलावर मांडलेलं दगडी पातेलं असावं. त्याची कड सासूबाईंच्या छातीशी येत होती. चूळ भरायला हात उचलला की पाणी कोपरावरून थेट ब्लाउजच्या बाहीत.

आणि बंब! व्हरांड्यात तांब्याचा बंब होता, पितळी तोटीचा, चिंचेने घासून लखलखीत केलेला. आत मनीप्लांट. सासूबाईंचं माहेर चौलचं. त्यांनी तोटीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे पहाटे यात फाटी घातली की सात जणांच्या आंघोळी उरकायच्या." इकडे आतमध्ये पांढराशुभ्र बाथटब, म्हैस आरामात बसेल एवढा, आणि त्याच्यावर तीन लिटरचा गीझर. तीन लिटर! टबाचा तळसुद्धा कोमट होत नाही. बरं, टब सोडा, बादलीने आंघोळ करू म्हटलं, तर बादली नाही. केअरटेकरदादा ओशाळून म्हणाले, "मॅडम, बादली डिझाइनमध्ये बसत नाही, मालक ठेवू देत नाहीत." मग तो बिचारा दोन्ही दिवस गॅसवर पाणी तापवून पातेल्याने आणत होता. त्या बंबाच्या शेजारून. मनीप्लांटला धक्का न लावता.

पूल आहे, पाऊस आहे, तेव्हा ओले कपडे असणारच. दोरी बांधू नका. सोफे पांढरे घ्या आणि "ओल्या कपड्यांनी बसल्यास 2,000 रुपये दंड" असं लॅमिनेट करून चिकटवा.

जिन्याला कठडा नको, व्ह्यू अडतो.

आणि हॉलमध्ये ती खोलगट बैठक कराच, दोन पायऱ्या खाली उतरायची. फरशी राखाडी, पायऱ्या राखाडी, खालची जमीनही राखाडी, पॉलिश एकच. पायरीची कड कुठे ते कुणालाही दिसता कामा नये, विशेषतः मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला, सकाळी सहा वाजता, तुमच्या त्या अंधूक दिव्यांत.

त्या पडल्या. उजव्या मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. पंचाहत्तरीचं औक्षण अलिबागेत एक्स-रेच्या रांगेत बसून झालं नाही एवढंच.

मालकांना फोन केला तर म्हणतात, "आजपर्यंत कुणी तक्रार केली नाही मॅडम, उलट त्या सिटिंगचे रील्स फार चालतात."

आता पुरे झालं. अहो, घरात माणसं राहतात. म्हातारी असतात, लहान असतात, ती ओली होतात, रात्री उठतात, चुळा भरतात. तुम्ही स्वतः त्या घरात एक रात्र तरी झोपलात का? तुमच्या आईला घेऊन? नसणारच, नाहीतर त्या पायरीला पट्टी कधीच लागली असती. डिझाइनचं कारण तर मला सांगूच नका. इथून खाली नांदगावला स्टुडिओ मुंबई या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने 2007 साली पामायरा हाऊस बांधलं. ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांच्या झडपा लावल्या, वारा आत येतो, ऊन गाळून येतं, आणि त्याचे फोटोही जगभर गाजले. इथल्याच झाडाचं लाकूड आणि इथल्याच हवेचा विचार. तुम्हाला फक्त दुसऱ्याच्या फोटोची नक्कल जमते, तीही बालीची. तिकडे छपरं निदान खोल उतरती असतात, तुमच्या सपाट पत्र्यासारखी नाही. पहिल्या सरीला आमच्या बेडवर ठिबकलं.

पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारा. शंभर रुपयांना मिळते. काचेला पडदा लावा. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, दारामागे चार हूक ठोका, पंधरा लिटरचा गीझर घ्या, लाल प्लास्टिकची बादली आणि मग ठेवा. मागे एक दोरी बांधा. हे सगळं मिळून आमच्या एका रात्रीच्या भाड्यात बसतं, हिशेब मी केलाय.

सासूबाईंचा हात अजून गळ्यात आहे. 5,000 रुपयांचं डिपॉझिटही अजून परत आलेलं नाही. साडी बांधताना शिडीला ओरखडा पडला म्हणे.