‘पीआरवाला नवरा शोधा’ या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या मावशीकडच्या ग्रुपवर कॅनडाचं एक फॉरवर्ड आलं. मग तेच बोरिवलीच्या मैत्रिणीकडून, मग ऑफिसच्या ग्रुपवर. मजकूर असा: आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) देऊन पीआरच्या, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीच्या, मार्कांमागे कशाला धावता? तिथला पीआरवाला जोडीदार बघा, लग्न करा, पीआर हातात. शिवाय दोन सूचना. दोन वर्षं संसार टिकवा, नाहीतर पीआर जातो. आणि स्वतःच्या जोरावर अर्ज करत असाल तर ‘सिंगल’ लिहा, मार्क वाढतात. स्थळं बघणाऱ्या आयांनी हे भलतंच मनावर घेतलंय, म्हणून लिहितेय.

‘लग्न केलं की पीआर.’ छे. लग्नानंतर फक्त अर्ज करता येतो. स्पॉन्सर करणारा नुसता पीआर असेल, तर तो कॅनडात राहत असायला हवा. नागरिक असेल तर बाहेरूनही करू शकतो, पण तिथे परत जाणार हे दाखवावं लागतं. मार्क, आयईएलटीएस, डिग्रीचं मूल्यांकन या वाटेला लागत नाही, एवढं खरं. त्याऐवजी लग्न खरं आहे हे पटवावं लागतं. वॉर्ड ऑफिसातलं नोंदणी प्रमाणपत्र ही नुसती सुरुवात. ओळख कोणी करून दिली, लग्नाला घरचे कोण होते, हेही विचारतात. ठरवून केलेल्या लग्नाला हरकत नाही. पण सुट्टीत येऊन लग्न उरकलं आणि नंतर महिनोन्‌महिने साधा फोन नाही, तर अधिकारी खोदून विचारणारच. आपल्याकडे कांदेपोह्यांचे फोटो कोणी काढत नाही. काढायला लागा.

‘दोन वर्षं टिकवा.’ यावर मात्र मला राग येतो. असा नियम होता: ऑक्टोबर २०१२ मध्ये आला, ज्यांचं नातं दोन वर्षांहून कमी जुनं आणि मूल नाही त्यांच्यासाठी. एप्रिल २०१७ मध्ये तो रद्द झाला. मार खाऊनही बायका पीआर जाईल या भीतीने घरात राहतात, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. आज मिळालेला पीआर तिचा स्वतःचा. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून जात नाही. (लग्नच खोटं निघालं तर गोष्ट वेगळी.) उलट नवऱ्याने तिच्या खर्चाची जी हमी लिहून दिलेली असते ती ३ वर्षं त्याच्या गळ्यात, घटस्फोट झाला तरी. ‘बोललीस तर परत पाठवीन’ असं कोणी धमकावत असेल, तर तिच्यापर्यंत एवढं पोचवा.

मुळात ‘नोकरीचा मार्ग की लग्नाचा’ हा प्रश्नच अनेकांना लागू नाही. दोघंही इथेच असाल, तर एक्सप्रेस एन्ट्रीत (वय, शिक्षण, इंग्रजी यांच्या मार्कांवर निवड होते तो मार्ग) एकाच्या अर्जावर दोघांना पीआर मिळतो. मुख्य अर्जदार कोण, ते मार्क बघून ठरवा.

राहिलं ‘सिंगल लिहा’. अर्जात बायको लपवली आणि त्यामुळे तिची तपासणी झाली नाही, तर पुढे तिला फॅमिली क्लासमधून (कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करून) बोलावण्याची वाट सहसा कायमची बंद होते. खोटी माहिती दिली म्हणून ५ वर्षांची बंदी येऊ शकते, ती निराळीच. बायको सध्या सोबत येणार नसेल तर तसं लिहायची सोय फॉर्ममध्येच आहे, आणि मार्क तेव्हाही सिंगलसारखेच धरतात. मग लपवायचं कशाला?

परळच्या मावसभावाने तेच केलं होतं. वय २९, बी.ई., इंग्रजीत सीएलबी (कॅनडाची भाषेची मोजपट्टी) ९. रविवारी त्याच्या घरी बसून आकडे मांडले. बायको सोबत येणार असं लिहिलं तर वयाचे ११० चे १०० होतात, शिक्षणाचे १२० चे ११२, इंग्रजीचे १२४ चे ११६. गेले २६. पण वहिनी बी.कॉम. आहे, म्हणजे डिग्रीचं मूल्यांकन करून घेतलं की तिचे ८, आणि तिनेही सीएलबी ९ गाठलं तर २०. आले २८. पठ्ठ्या बायको लपवून दोन मार्क गमावत होता! प्रोफाइलला पीआरचा अर्ज करायचं बोलावणं अजून आलेलं नव्हतं, त्यामुळे तिथेच दुरुस्त केलं.

वहिनीने आता क्लास लावलाय. स्पीकिंगची तिला काळजी नाही, म्हणते, रायटिंगचं काय ते बघू.