तारा काढूनच द्या, काका

आज सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकतो, म्हणजे जेवण तरी नीट जाईल.

माझी एक जुनी यामाहा गिटार विकायला काढली होती. एफ 310. 2011 साली एका हॉस्टेलवाल्या मुलाकडून घेतलेली, इंजिनियरिंग संपवून तो गावी निघाला होता. किंमत टाकली 2500. आज एक तरुण आला, नीटनेटका, गोड बोलणारा. गिटार हातात घेतली, फिरवून पाहिली, पण तारेला बोटसुद्धा लावलं नाही. म्हटलं, वाजवून बघ की. तर म्हणाला, "नको काका, कॅफेच्या भिंतीवर लावायचीय. मध्ये भोकात बल्ब बसवणार. तारा काढूनच द्या. तीन हजार देतो."

काका म्हणाला त्याचं एक वेळ सोडून देऊ. पण बल्ब?

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही, यादीत नातेवाईक आहेत.

तो गेल्यावर मला 1997 चा पुण्यातला खडकी बाजार आठवला. पेपरातली दोन ओळींची जाहिरात बघून मित्राच्या लुनावर गेलो होतो. ट्यूशनचे साठवलेले 650 रुपये खिशात. घर एका गोवेकर अंकलचं, फॅक्टरीतून रिटायर झालेले. बाहेर ओटा, आत पंख्याखाली खुर्चीवर ती ठेवलेली. गिवसन. (ती अमेरिकन गिब्सन नव्हे. कोलकात्याची आपली गिवसन, ज्यांनी वाजवलीय त्यांना फरक बोटांवरच्या घट्ट्यांवरून माहीत आहे.) तेव्हा परदेशी गिटार म्हणजे कुणाचा तरी मामा गल्फमधून आणणार आणि आपण ती लांबून बघणार. आपल्या वाट्याला गिवसन. तारा फ्रेटपासून, म्हणजे दांडीवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, इतक्या वर की मधून पेन्सिल सरकावी.

अंकलनी पैसे मोजले नाहीत. आधी विचारलं, "पुता, वाजवणार ना? का भिंतीला टांगणार?"

मी म्हटलं, वाजवणार.

आता कळलं सकाळी डोकं का फिरलं?

सेकंडहँड गिटार का घेतोस, असं मला अजूनही विचारतात. नव्या गिटारीचं दुकान चकचकीत, हप्ते सोपे, खोका उघडतानाचा व्हिडिओ टाकता येतो. बरं, मान्य, आजच्या स्वस्त नव्या गिटारी माझ्या गिवसनपेक्षा शंभरपट बऱ्या वाजतात. झालं समाधान? पण जुन्या गिटारीवर आधीच्या माणसाने काय काय केलंय ते दिसतं. या यामाहाचंच बघा. पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खड्डे पाडलेत, जी, सी, डी, ई मायनर, सगळ्या कॉर्ड्सच्या खुणा आहेत. पण सहाव्या तारेखाली पहिल्या फ्रेटवर ओरखडासुद्धा नाही. म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. पोरगं चार वर्षं हॉस्टेलमध्ये वाजवत राहिलं आणि एफ कॉर्डला गळलं. एक बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या, तिथे निम्मी जनता गळते. मीही दोन वर्षं तिथेच अडकलो होतो. हे सगळं त्या फ्रेटवर लिहिलेलं असताना कुणी मध्ये बल्ब बसवणार?

आणि माणसं गिटारींचे हाल तरी काय करतात! मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी नायलॉनच्या तारांची गिटार मिळाली होती. कुणी शहाण्याने तिच्यावर स्टीलच्या तारा चढवलेल्या. पोट फुगलेलं, ब्रिज (खाली तारा जिथे टेकतात ती पट्टी) मागून उपटून आलेला. अरे, स्टीलच्या सहा तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण देतात. एक अख्खा माणूस लटकवल्यासारखं आहे ते. फेव्हिकॉल आणि शिकंजे लावून मी ती तीन आठवडे बसवत होतो. बसली नाही. आहे अजून माळ्यावर.

अंकलचं राहिलंच. त्यांच्या गिवसनचा ब्रिज चिकटवलेला नव्हता. तारा खाली पत्र्याच्या पट्टीत अडकवायच्या आणि ब्रिज नुसता त्यांच्या दाबावर उभा. निघताना त्यांनी मला दाखवलं, ब्रिजच्या पायाशी पेन्सिलने बारीक खूण केली होती. म्हणाले, "तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नको. ब्रिज पडेल. एक काढ, एक घाल. हलला तर ही खूण बघ." मग 650 मधले पन्नास परत दिले, नवीन तारांसाठी. आणि गिटार माझ्या हातात देण्याआधी शर्टाच्या बाहीने मागून पुसली.

आणि आज ऐकायचं काय, तर तारा काढूनच द्या. हो, माहितीये, यामाहाचा ब्रिज चिकटवलेला असतो, काही पडत नाही. मुद्दा तो नाहीये.

इथवर तावातावाने लिहिलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या सातांपैकी वाजतात किती?"

दोन.

दोन वाजतात. एकीला खुंट्या नाहीत. तीन माळ्यावर, त्यांत बुटांच्या खोक्यांतल्या त्या दाणेदार पुड्या टाकून ठेवतो, पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून. दर जूनला पुड्या टाकायला विसरत नाही. वाजवायला मात्र सवड नाही. आणि गिवसन, आता लिहितोच, हॉलमध्ये भिंतीला टांगलेली आहे. बल्ब नाही एवढंच.

त्याच्याही आधी, नोकरी लागल्यावर, 2001 ते 2009 ती कपाटामागे उभी होती. आठ वर्षं. अंकलना "वाजवणार" म्हणून सांगून आलेलो मी. मध्ये एकदा खडकीला गेलो होतो, त्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली, आणि तसाच परत आलो. आत गेलो असतो आणि त्यांनी विचारलं असतं, तर?

त्या पोराचंही खरं तर काय चुकलं? त्याने निदान खरं सांगितलं. वाजवणार म्हणाला असता तर मी 2500 ला देऊन मोकळा झालो असतो आणि आज छान झोपलो असतो. तरी बल्बची कल्पना भिकार आहे, त्यावर मी ठाम आहे.

जेवण झाल्यावर गिवसन खाली उतरवली. ब्रिज खुणेपासून दोन-तीन मिलिमीटर सरकला होता, खूण अजून आहे. बी ची तार गंजून काळी. एक काढली, एक घातली, सहाही बदलल्या, तासभर गेला. जी वाजवला, सी वाजवला. एफ या गिटारीवर अजूनही घाणच वाजतो.

यामाहा अजून विकायची आहे. 2500. वाजवणाऱ्याला 2000. घरी येऊन एफ वाजवून दाखवला तर 1500, आणि तारांचं नवीन पाकीट माझ्याकडून.