अल्व्होर्ड कोरडं आहे, दुष्काळी नाही

नमस्कार. ‘पोर्टलंडहून दिवसभर गाडी हाणत जाऊन बघायचं काय, तर भेगाळलेली जमीन! आमच्या मराठवाड्यात ती दर उन्हाळ्यात फुकट दिसते. दुष्काळाचे फोटो मिरवू नका,’ असं तुम्ही अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या अल्व्होर्ड वाळवंटावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. राग समजतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं; तेव्हा मांजरा धरणाच्या तळाचे फोटो कुणी ‘काय सुंदर!’ म्हणून टाकले असते तर मीही सुनावलं असतं.

पण अल्व्होर्डमध्ये कुणाचं पाणी आटलेलं नाही. आग्नेय ऑरेगनचं हे पठार दख्खनसारखंच बेसॉल्टचं, वयाने मात्र पोर: आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, इथला पावणेदोन कोटींच्या आतला. पुढे जमीन ताणून फाटली. एक बाजू उचलली गेली तो स्टीन्स पर्वत, उंची २,९६७ मीटर. दुसरी खचली ते हे खोरं. पश्चिमेकडून येणारे ढग स्टीन्सवरच रिते होतात. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव ताटकळतं, तोच प्रकार. शिवाय खोऱ्यातलं पाणी बाहेर पडायला वाट नाही. हिवाळ्या-वसंतात उथळ पाणी पसरतं, उन्हात उडून जातं, मागे गाळ आणि क्षार उरतात. हिमयुगात मात्र इथे खरोखरचं खोल सरोवर होतं.

माणसांच्या हालांबद्दलच बोलायचं तर जवळच्या बोरॅक्स लेकची गोष्ट लेखात हवी होती, असं कुणीच म्हणालं नाही! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिनी मजूर तिथली क्षारांची पापडी खरवडून काढत, आणि बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, खेचरांच्या गाड्यांतून नेवाडातल्या विनेमका स्टेशनपर्यंत जाई. त्यावर वेगळं लिहीन.

तुमचा दुसरा आक्षेप: ‘गाडी वाळवंटात उतरवताना जपा म्हणून उगाच घाबरवता, तिथे तर वेगाचे विक्रम होतात.’ होतात की. स्टंट करणाऱ्या किटी ओनीलने १९७६ मध्ये इथेच जमिनीवरच्या वेगाचा महिलांचा विक्रम केला, ताशी ८२५ किलोमीटर. २०१९ मध्ये रेसर जेसी कॉम्ब्सने तो मोडला, आणि त्याच धावेत तिचा जीव गेला. पण हे सगळं ठणठणीत वाळलेल्या जमिनीवर. पाऊस पडून गेला की वरची पापडी सुकलेली दिसते, खाली चिखल असतो. चाकं रुतली तर मदत बोलवायला फोनला रेंज असेलच असं नाही. ते वाक्य मी काढणार नाही.

मे महिन्यात येणार म्हणता, तर तळ्यात पाणी असू शकतं. भेगा बघायच्या तर ऑगस्ट-सप्टेंबर बरा. गाडीची टाकी वाटेतल्या बर्न्स गावातच भरून घ्या.