नव्वद दिवसांचे माहेर

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही आमच्या जळगावकडची रीत. परंतु मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत असल्यामुळे माहेरानेच उठून तिच्याकडे जायचे ठरले. डिंक, बाळंतशोपा, कळण्याचे पीठ अशी यादी सौभाग्यवतींनी एका संध्याकाळी हातावेगळी केली. व्हिसाचे काम मात्र, बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्याच्या पुण्याईवर, माझ्या वाट्याला आले.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे एक चिमुकले गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला आणि आज जर्मनीसह २९ देशांचा व्हिसा त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे बोटीत बसून इतके टिकाऊ काम कोणी केल्याचे मला स्मरत नाही.

या व्हिसाचा मुख्य नियम एका ओळीचा आहे: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ‘सहा महिन्यांत तीन महिने’ असे मी त्याचे सुलभ मराठी करून टाकले, आणि तिथेच फसलो. कारण सगळी गोम ‘कोणत्याही’ या शब्दात आहे. तिथे असण्याच्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे आणि त्यांत आपले किती दिवस पडले ते पाहायचे. उतरण्याचा दिवसही धरायचा आणि निघण्याचाही. विमान रात्री पावणेबाराला टेकले तरी तो अख्खा दिवस खर्ची पडतो. मुलीला यातले काही नाही, कारण तिच्याकडे निवास परवाना आहे. तिला मात्र नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागला होता. व्हिसा म्हणजे पाहुणा आणि परवाना म्हणजे भाडेकरू, असे मी शेजाऱ्यांना समजावले. ‘मग सर, जावई कशात बसतो?’ असे त्यांनी विचारल्यावर मी विषय बदलला.

आम्ही मार्चच्या २० तारखेपासून एप्रिलच्या १८ तारखेपर्यंत, म्हणजे ३० दिवस, तिच्याकडे राहून आलो होतो. आता १० ऑगस्टला निघायचे होते. त्या तारखेपासून मागे १८० दिवस मोजले, ३० सापडले, नव्वदातून तीस वजा केले आणि अर्जात ‘६० दिवस’ असे ठळक अक्षरांत लिहिले. माणशी ९० युरो शुल्क, ३० हजार युरोंचा आजारपणाचा विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो असे सोपस्कार रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन उरकले. बोटांचे ठसे गेल्या खेपेचे चालले, कारण ते ५९ महिने चालतात. साठावा महिना कोणाला खुपला, हे कळत नाही.

पासपोर्ट परत आले. चिकटवलेल्या कागदावर ‘१० ऑगस्ट ते २३ ऑक्टोबर’ पाहून घरात आनंद झाला, पण खाली दिवस ६०च होते. वरचे पंधरा दिवस केवळ तारखा मागेपुढे झाल्यास सवलतीचे, राहण्याचे नव्हेत. परतायचे ८ ऑक्टोबरलाच. बाळंतपणाची तारीख ४ सप्टेंबर, म्हणजे सव्वा महिना पुरा होण्याच्या तीन-चार दिवस आधीच आजी विमानात.

हा न्याय पटवून देण्यासाठी मी जेवणाच्या टेबलावर दादर ज्वारीचे १८० दाणे ओळीने मांडले आणि तिथे मुक्काम केलेल्या दिवसांच्या जागी तुरीचे दाणे ठेवले. सौभाग्यवती बराच वेळ पाहत राहिल्या.

‘अहो, रोज पुढे एक दाणा टाकायचा, तर मागचा एक उचलायचा ना? ओळ तर १८०चीच.’

त्यांनी उचलायला सुरुवात केली. १६ सप्टेंबरला वीस मार्चची तूर ओळीबाहेर पडली, मग रोज एकेक. १५ ऑक्टोबरपर्यंत जुनी तूर पार संपली, आणि मोजणी एकदाही नव्वदावर न जाता आम्ही थेट ७ नोव्हेंबरपर्यंत पोहोचलो. पूर्ण नव्वद दिवस मिळू शकले असते. मागितले मीच साठ.

मुदतवाढ केवळ अपरिहार्य किंवा गंभीर कारणासाठीच मिळते, असे मी हळूच सांगितले. ‘मग बाळंतपण काय हौसेने वाढवता-घटवता येते?’ एवढेच बोलून त्यांनी दाणे डब्यात भरले आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले. ते साठ दिवसांच्या हिशेबाने अगदी चोख मोजलेले होते, आणि त्यांत माझ्या वाटणीचा एकही धरलेला नव्हता.