स्मार्टवॉचचे ॲप फोनची निम्मी बॅटरी खाते काय?

‘स्मार्टवॉचचे ॲप फोनची निम्मी बॅटरी खाते, ब्लूटूथ बंद ठेवा, ॲप फोर्स स्टॉप करा, लोकेशनची परवानगी काढून घ्या’ असा संदेश सध्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्यासोबत बॅटरीच्या पानाचा स्क्रीनशॉट असून घड्याळाच्या ॲपपुढील 18 टक्के या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढले आहे. माझ्या आईने तो वाचून तिन्ही गोष्टी केल्या. तिला कमी ऐकू येते. रक्तदाबाच्या गोळीची आठवण तिला मनगटावरच्या थरथरीतून मिळते, आणि ती दोन दिवस मिळाली नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

प्रथम तो स्क्रीनशॉट पाहू. त्यातील सगळ्या ॲपच्या आकड्यांची बेरीज 100 भरते, पण वरच्या कोपऱ्यात बॅटरी 78 टक्के शिल्लक दिसते. म्हणजे हे आकडे संपूर्ण बॅटरीचे नसून खर्च झालेल्या 22 टक्क्यांतील वाटे आहेत. आयफोनवर आणि अनेक अँड्रॉइड फोनवर हिशेब असाच दाखवतात. बावीसचे 18 टक्के काढले, तर घड्याळाच्या ॲपच्या नावावर संपूर्ण बॅटरीचे जेमतेम चार टक्के पडतात. निम्मी बॅटरी कुठे आणि चार टक्के कुठे!

ब्लूटूथ सतत चालू राहिल्याने फोन उतरतो, हा दुसरा दावा जुन्या अनुभवावर उभा आहे. 2010 मध्ये आलेल्या ब्लूटूथ 4.0 पासून कमी ऊर्जेची वेगळी पद्धत उपलब्ध झाली आणि घड्याळे मुख्यतः तीच वापरतात. तीत फोन आणि घड्याळ किती वेळाने एकमेकांची विचारपूस करायची हे आधी ठरवून घेतात. हे अंतर साडेसात मिलिसेकंदांपासून चार सेकंदांपर्यंत असू शकते, आणि मधल्या वेळात रेडिओ झोपलेला असतो. हात सैल सोडून सरासरी 10 मिलिवॅट खर्च धरला, तरी चोवीस तासांत 0.24 वॅट-तास होतात. 5000 एमएएचच्या बॅटरीत सुमारे 19 वॅट-तास मावतात. म्हणजे दिवसाला सव्वा टक्का. घड्याळावरून फोनवर बोलताना मात्र जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ लागते आणि त्या वेळेपुरता खर्च वाढतो.

फोर्स स्टॉपचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. अँड्रॉइडमध्ये असे थांबवलेले ॲप सहसा आपण पुन्हा उघडेपर्यंत चालत नाही. घड्याळ पावले मोजत राहते, वेळही दाखवते, त्यामुळे काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही. फक्त फोनवरचे निरोप आणि आठवणी मनगटापर्यंत पोहोचत नाहीत. आईचे नेमके हेच झाले. ज्या कामासाठी घड्याळ घेतले तेच बंद करून वाचवलेल्या दोन-चार टक्क्यांचे काय करायचे?

लोकेशनच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. ज्या घड्याळात स्वतःचे जीपीएस नसते, ते चालण्याची किंवा सायकलीची नोंद घेताना फोनचे जीपीएस वापरते, आणि तासभराच्या फेरीत त्याचा खर्च जाणवण्याइतका असतो. हवामान दाखवण्यासाठीही काही ॲप वारंवार ठिकाण विचारतात. तरीही परवानगी सरसकट काढून टाकणे हा उपाय नव्हे, कारण अँड्रॉइड 6 ते 11 या आवृत्त्यांत जवळचे ब्लूटूथ उपकरण शोधण्यासाठीही बहुधा लोकेशनचीच परवानगी लागत असे. ‘जवळपासची उपकरणे’ ही वेगळी परवानगी 2021 च्या अँड्रॉइड 12 मध्ये आली. ‘नेहमी’ऐवजी ‘ॲप वापरत असतानाच’ हा पर्याय निवडून पाहावा; फेरीची नोंद किंवा हवामान अडले, तर ते आपल्याला किती गरजेचे आहे ते पाहून ठरवावे.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही असे एक कारण तपासण्याजोगे आहे. बिघडलेले घड्याळ कपाटात पडून असते, पण त्याचे ॲप फोनमध्ये राहते आणि त्यातील काही ॲप न सापडणाऱ्या घड्याळाचा शोध पुन्हा पुन्हा घेत बसतात. आईच्या फोनमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या घड्याळाचे असे ॲप निघाले. ते मी काढून टाकले, नव्या घड्याळाचे ॲप उघडून पुन्हा जोडून दिले, आणि रात्री साडेआठला गोळीची आठवण तिच्या मनगटावर आली.