बगीच्यातली कुत्री आणि गावातली कुत्री

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी नगर परिषदेच्या बगीच्यावरून सध्या दोन तट पडले आहेत. सकाळी फिरायला येणारी मंडळी म्हणतात, कुत्र्यांना पूर्ण बंदी करा. ज्यांच्या घरी लॅब्रेडोर आणि पॉमेरेनियन आले आहेत, ते म्हणतात, परदेशात कुत्री बगीच्यात फिरतात, मग इथेच मनाई का? मी इंग्लंडमध्ये राहते म्हणून दोन्हीकडचे फोन मला येतात. पाळीव कुत्र्यांना बगीचा खुला असावा, असं माझं मत आहे. पण इंग्लंडचा दाखला देणारे त्यातलं अर्धंच सांगतात.

इथे इंग्लंडमध्ये कुत्री बगीच्यात येतात, हे खरं. मात्र कुठे आणि कशी, हे ठरवण्याचा अधिकार २०१४ च्या एका कायद्याने स्थानिक कौन्सिलला दिला आहे. आमच्या भागात लहान मुलांच्या झोपाळ्यांभोवती कुंपण आहे आणि आत कुत्रा न्यायचाच नाही. खेळाच्या मैदानापाशी तो साखळीत हवा, बाकीच्या हिरवळीवर मोकळा चालतो. घाण उचलली नाही तर दंड होतो. असा हुकूम काढण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. शिवाय तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो; पुढे चालू ठेवायचा तर पुन्हा विचार करावा लागतो. भांडण कायमचं कुणाच्या एका बाजूने मिटवून टाकायचं नाही, ही इथली रीत मला मनापासून पटते.

यामागे आणखी एक गोष्ट आहे. एप्रिल २०१६ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली चिप असणं सक्तीचं आहे, आणि बाहेर पडताना पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता लागतो. कुत्रा चावला तर जाब विचारायला माणूस सापडतो. ज्याचा मालक सापडत नाही, असा कुत्रा कौन्सिल उचलते आणि सात दिवस ठेवते. त्यानंतर त्याला नवं घर मिळतं किंवा त्याला मारूनही टाकता येतं. इथले रस्ते मोकळे दिसतात त्यात याचाही वाटा आहे. आपला कायदा निरोगी कुत्र्याला असं मारू देत नाही, आणि ते मला योग्य वाटतं.

आता गावाकडचं बोलू. बगीच्यात शिरणारी कुत्री बहुतेक पाळीव नसतातच. पडक्या कंपाउंडमधून गावकुत्री आत येतात. त्यांच्यावर बंदीच्या पाटीचा काय परिणाम होणार?

आमच्या खेड्यात तर कुत्रा म्हणजे वावराचा भागीदार. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पिकात शिरतात, त्यामुळे हरभरा-गव्हाच्या दिवसांत रात्र रात्र जागल करावी लागते. मळ्यातल्या मचाणाखाली सोबतीला कुत्रा असतो. घराघरातून त्याला भाकर मिळते. गाव त्याच्याकडून काम करून घेतं, पण त्याने लेकराला फाडलं की तो कुणाचाच नसतो. माझी मोठी आई फोनवर म्हणाली, "जागलीले सारेच घेऊन जातात त्याले, सुई द्याले कोणी नेत नाई." मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं.

माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्याच्या चाव्यातून येतो. एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. चावल्याबरोबर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लगेच लस घ्यायची, हे प्रत्येक घराला माहीत हवं. अजूनही जखमेत मिरची किंवा चुना भरणारे आहेत. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीसोबत सीरम (जखमेत टोचायचं तयार प्रतिपिंडांचं औषध) लागतं, आणि त्यासाठी अनेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी धावावं लागतं. या रोगाची साखळी तोडायला एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिलेली असली पाहिजे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी कुत्री संपवावी लागत नाहीत.

शेळ्यांचा विषय तर चर्चेत येतच नाही. बिबट्याने शेळी मारली तर पंचनामा होतो, वनविभागाची भरपाई मिळते. गावकुत्र्यांच्या टोळीने कळपातल्या दोन शेळ्या फाडल्या तर ती वाट बंद. ज्या बाईचं घर त्या शेळ्यांवर चालतं तिने कुणाकडे जायचं? इंग्लंडमध्ये मेंढ्यांमागे कुत्रा लागला तर मालक दोषी ठरतो. तसा कायदा १९५३ पासून आहे.

न्यायालयांकडे बघत बसूनही हे सुटणार नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात नागपूर खंडपीठाने सांगितलं, मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर ती दत्तक घ्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही काही दिवसांतच बदलला. तोवर प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे केंद्राचे २०२३ चे नियम आहेतच: नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम, आणि खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून दूर.

म्हणून नगर परिषदेला माझं सांगणं आहे की आधी कंपाउंड बांधा, झोपाळ्यांच्या कोपऱ्याला वेगळं कुंपण घाला, आणि लसीचा दाखला दाखवून नोंदलेल्या कुत्र्यांना सकाळी ठरल्या वेळी साखळीत येऊ द्या. वर्षभराने पुन्हा सगळ्यांना बोलवा.

आणि खेड्यांचं काम बगीच्याआधी व्हावं. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, आणि चार दिवसांनी २ ऑक्टोबरची ग्रामसभा. आमच्या सरपंचताईंना मी लिहिलं आहे: गावातली कुत्री मोजा, पशुवैद्यकीय दवाखान्याला शिबिरासाठी पत्र द्या, लस दिलेल्याच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधा. लसीच्या खर्चात माझा वाटा राहील. कुत्री धरायला मात्र गावातली ओळखीची माणसंच लागतील. ज्यांच्या हातची भाकर ती खातात, त्यांच्यापासूनच सुरुवात करा.