विंड चिल माणसाच्या कातडीसाठी असते, रेडिएटरसाठी नसते

थंडी वाढली की अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक संदेश फिरू लागतो, आणि यंदा तो मराठीत होऊन आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावरही येऊन पोहोचला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, उणे 48 सेल्सिअस असेल तर गाडीचे इंजिनही उणे 48 अंशांपर्यंत गारठते, म्हणून रेडिएटरमध्ये पाणी न मिसळता निव्वळ कूलंट (इंजिन गार ठेवणारे, सहजी न गोठणारे द्रव) भरावे, बॅटरी गोठून फुटू नये म्हणून ती काढून घरात आणावी, आणि वारा लागू नये यासाठी गॅरेजचे दार बंद ठेवून सकाळी अर्धा तास इंजिन चालू ठेवावे. शेवटी, 1980च्या दशकात याच गाड्यांनी उणे 55 सोसले होते, अशी फुशारकी आहे. मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे 1966ची फोर्ड मस्टँग आहे. त्याने हा संदेश खरा मानून निव्वळ कूलंटचे कॅन आणूनही ठेवले, हे कळल्यावर मला गप्प बसवेना.

मुळातले गृहीतकच चुकीचे आहे. विंड चिलचा आकडा म्हणजे हवेचे तापमान नव्हे. वाऱ्यामुळे उघड्या कातडीतली उष्णता किती झपाट्याने निघून जाते, त्याचा तो अंदाज आहे. अमेरिका आणि कॅनडा यांनी 2001 साली स्वीकारलेले आजचे सूत्र माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले आहे, आणि त्यासाठी टोरांटोत स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यावर मापे घेतली गेली होती. गाडीच्या बाबतीत तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने शंकेला जागाच ठेवलेली नाही. तिचे स्पष्टीकरण असे की निर्जीव वस्तू वाऱ्यात लवकर गार होते, पण हवेच्या खऱ्या तापमानाखाली जात नाही. आणि तिने उदाहरणही नेमके रेडिएटरचेच दिले आहे. हवा उणे 5 फॅरनहाइट आणि विंड चिल उणे 31 असेल, तर रेडिएटर उणे 5च्या खाली उतरणार नाही. गॅसवरून उतरवलेला तवा पंख्याखाली ठेवला तर लवकर निवतो, पण खोलीपेक्षा गार होत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. उलट निरभ्र, निवांत रात्री उघड्यावरच्या गाडीचे टप आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही थोडे गार होते आणि त्यावर हिमकण धरतात; तेव्हा वारा सुटला तर तो त्या पत्र्याला पुन्हा हवेच्या तापमानाकडेच आणतो.

आता निव्वळ कूलंटचा सल्ला पाहू. 50 टक्के इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) आणि 50 टक्के पाणी हे मिश्रण उणे 37 सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे 13 अंशांनाच गोठते. म्हणजे ज्या उपायाने गाडी वाचेल असे हा संदेश सांगतो, त्याच उपायाने ती मिनेसोटातल्या अगदी नेहमीच्या जानेवारीतसुद्धा धोक्यात येते. शिवाय पाण्याविना ते द्रव उष्णताही कमी वाहून नेते. 30 जानेवारी 2019 रोजी मिनियापोलिसमध्ये विंड चिल उणे 45 सेल्सिअसच्याही खाली होते, पण हवा होती सुमारे उणे 33. त्या दिवशीही निम्मे-निम्मे मिश्रण पुरले असते. राज्याच्या उत्तर भागात टॉवर या गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी खरोखरीच उणे 51 नोंदले गेले होते, तेव्हा त्या बाजूला राहणाऱ्यांनी ग्लायकॉलचे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास न्यावे. सुमारे 70 टक्क्यांपुढे वाढवत राहिल्यास संरक्षण पुन्हा घटू लागते. आणि ज्यांच्याकडे जुनी फोक्सवॅगन बीटल आहे त्यांना हा सल्ला पाठवणाऱ्याने एवढे तरी पाहायचे होते की तिचे इंजिन हवेने गार होते आणि तिला रेडिएटरच नसतो.

पण मला खरा संताप आला तो बंद गॅरेजच्या सल्ल्याने. कूलंटच्या चुकीत इंजिन जाईल. इथे माणसे जातील. कार्ब्युरेटरची गाडी गारठलेली असताना चोक ओढून सुरू केली की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते, ते पुरते जळत नाही आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर उतरतो. अमेरिकेत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसू लागले ते 1975च्या मॉडेलांपासून. 1966च्या मस्टँगला ते नाही, त्यामुळे जे तयार होते ते सगळे सरळ गॅरेजमध्ये येते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि हिवाळ्यात माणसाला वाटते की सर्दीतापाची कणकण असेल. तिथली बरीच गॅरेजे घराला जोडलेली असतात. वायू मधल्या दारातून, भिंतीच्या फटींतून घरात शिरतो. माझ्या मावसभावाच्या गॅरेजच्या बरोबर वरच्या खोलीत माझी मावशी झोपते. हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात असा विचार आला नाही, याला निष्काळजीपणाच म्हणावे लागेल. दार उघडे ठेवले तरी जोडलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून थांबू नये. गाडी लगेच बाहेर काढावी, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

बॅटरीचा मुद्दा अर्धवट आहे. पूर्ण भारलेल्या बॅटरीतले आम्ल तिथल्या कुठल्याही हिवाळ्यात गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतले मात्र शून्याखाली दहा अंशांतही गोठू शकते. हिवाळाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी काढून भारलेली ठेवणे योग्यच आहे, पण त्याचे कारण विंड चिल नाही. उणे 55च्या फुशारकीबद्दल इतकेच, की 2001पूर्वीचे विंड चिलचे सूत्र वेगळे होते. हवा उणे 29 सेल्सिअस आणि वारा ताशी 32 किलोमीटर असेल तर जुने सूत्र उणे 55 दाखवायचे, नवे उणे 44 दाखवते. थंडी तीच, गाडीही तीच.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वाऱ्यात उभी केलेली गाडी फार लवकर गार होते, आणि ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) लावलेला असला तर वारा त्याची बरीचशी ऊब पळवतो, त्यामुळे इंजिन हवे तितके तापत नाही. म्हणून गाडी आडोशाला लावणे, बोनेटवर जाड गोधडी टाकणे आणि हीटर निघण्यापूर्वी तीन-चार तास लावून ठेवणे हे सगळे उपयोगाचे आहे. फक्त इंजिन सुरू करण्याआधी वायर काढायची आणि गोधडी उचलायची.